पात्ररचनेचा पेच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘संगणकीय खेळांतील पात्ररचना’ हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना मुद्रणदोषाची शंका आली असेल, तर तो त्यांचा दोष नव्हे. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि मराठ्यांच्या इतिहासावर अधिकारी मंडळींनी व्याख्याने दिली आहेत. आमचा अधिकार तो किती! छत्तीस वर्षे येथील पोलाद कारखान्याच्या हिशेब खात्यात आकड्यांशी झटापट करून २०१९ साली आम्ही निवृत्त झालो, आणि ज्या वयात माणसाने जपमाळ ओढावी त्या वयात संगणकाचा माऊस ओढू लागलो. कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा, ज्या गोष्टीत आम्ही गेली चार वर्षे सातत्याने अपयशी ठरत आलो तीच सांगावी, असे आम्ही ठरविले. यशस्वी माणसांची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकता. एखादे नापास विद्यार्थ्याचेही ऐकावे.

प्रथम, हा खेळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ‘अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेम’ या नावाचा संगणकीय खेळांचा एक मोठा वर्ग आहे. त्यात खेळणारा एक पात्र धारण करतो, राक्षसांनी भरलेल्या प्रदेशातून हिंडतो, लढतो, आणि लढाईतून मिळणाऱ्या अनुभवाने त्याचे पात्र पायरी पायरीने वर चढते. या पायरीला ‘लेव्हल’ म्हणतात. प्रत्येक लेव्हलला काही गुण हाती येतात आणि ते कोठे खर्च करावयाचे हे खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. अंगी बळ वाढवावे की चपळाई, अग्नीचा मंत्र शिकावा की बर्फाचा, ढाल घ्यावी की दोन्ही हातांनी परशू पेलावा, या सर्व निवडींतून जी घडण होते तिला खेळणारे ‘बिल्ड’ म्हणतात. आपण तिला पात्ररचना म्हणू.

आपल्या मंडळात गणेशोत्सवाचे नाटक बसते तेव्हा पात्र लेखकाने आधीच घडविलेले असते. नटाने ते उभे करावयाचे. तालमी होतात, दिग्दर्शक ओरडतो, प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो. येथे मात्र नटानेच स्वतःची भूमिका एकेका ओळीने लिहावयाची, आणि तीही प्रयोग चालू असताना. पुढच्या अंकात काय येणार हे त्याला ठाऊक नसते. तरीही पुढच्या अंकात ज्याची गरज लागेल ते आताच शिकून ठेवावे लागते. आमच्या मते या खेळाचा सगळा पेच एवढ्यातच आहे. निवड आधी करावी लागते आणि ती निवडण्याचे ज्ञान मागाहून येते.

हा प्रकार मुळात कागदावरचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसत. फासे टाकून प्रत्येकाच्या पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई असे सहा गुण ठरत. आणि एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेत असे. तेथे एखाद्याची पात्ररचना फसली तरी फारसे बिघडत नसे, कारण सूत्रधार शेवटी माणूस असे. मित्राचे पात्र दुबळे पडते आहे हे पाहून तो दोन राक्षस कमी करी किंवा वाटेत एखादी तलवार सापडू देई. पुढे ही सूत्रधारी संगणकाकडे गेली. संगणक हिशेबात चोख, पण त्याला दयामाया नाही.

१९९६ च्या वर्षअखेरीस कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड नॉर्थ या मंडळींचा ‘डायब्लो’ आला. त्या भागात माउंट डायब्लो नावाचा डोंगर आहे. त्यावरून हे नाव पडले. डेव्हिड ब्रेव्हिक यांच्या मूळ कल्पनेत हा खेळ बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळावयाचा होता. घडणीच्या काळातच तो बदलून सलग धावता करण्यात आला. त्यामुळे खेळ बहारीचा झाला खरा. परंतु आपली पात्ररचना कोठे चुकली आहे हे कळावयाचे ते अर्ध्या सेकंदात, आणि तेही पात्र जमिनीवर कोसळल्यावर!

जून २००० मध्ये त्याचा दुसरा भाग, ‘डायब्लो २’, प्रसिद्ध झाला. त्याचे गणित आपल्यापुढे ठेवतो, म्हणजे पेच किती खोल आहे हे ध्यानी येईल. त्यात सॉर्सरेस नावाची एक मंत्रविद्यासंपन्न नायिका आहे. अग्नी, हिम आणि वीज अशा तिच्या विद्येच्या तीन शाखा. प्रत्येकीत दहा मंत्र, म्हणजे एकूण तीस. प्रत्येक मंत्रात वीस गुणांपर्यंत घालता येतात. तीस गुणिले वीस, म्हणजे सहाशे. आता हाती काय येते पाहा. लेव्हलगणिक एक गुण, कमाल लेव्हल नव्व्याण्णव, म्हणजे अठ्ठ्याण्णव. शिवाय खेळातील कामगिऱ्यांबद्दल बारा. एकूण एकशेदहा. सहाशेच्या मागणीस एकशेदहाची तरतूद! अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. येथे अंथरुणाऐवजी हातरुमाल आहे. आपल्या भाषेत ‘पात्र’ या शब्दाचा एक अर्थ भांडे असाही होतो, आणि या खेळाला तो अर्थ अधिक लागू पडतो. भांड्यात मावेल तेवढेच मावते.

याखेरीज प्रत्येक लेव्हलला बळ, चपळाई, जीवनशक्ती आणि मंत्रशक्ती या चार शारीर गुणांत वाटावयाचे पाच गुण मिळतात ते वेगळे. आणि हे सारे घेऊन तीच कथा तीनदा पार करावयाची असते: प्रथम ‘नॉर्मल’, मग ‘नाइटमेअर’, मग ‘हेल’, म्हणजे साधी, दुःस्वप्न आणि नरक. पहिल्या फेरीत कसेही वागा, निभावते. नरकात मात्र काही राक्षसांना अग्नी मुळीच बाधत नाही, काहींना हिम बाधत नाही, आणि सर्वांचेच आयुष्य अनेक पटींनी वाढलेले असते. पहिल्या फेरीतील चूक तिसऱ्या फेरीत उघडकीस येते. तोवर कित्येक आठवड्यांचे श्रम खर्ची पडलेले असतात. आणि त्या काळच्या नियमांनुसार एकदा घातलेला गुण परत काढून घेता येत नसे.

आता घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. २००१ साली आमच्या क्वार्टरमध्ये संगणक आला. चिरंजीव तेव्हा अकरावीत होते. मित्राकडून आणलेल्या सीडीवरून त्यांनी हा खेळ सुरू केला आणि दिवाळीच्या सुटीत त्यात आकंठ बुडाले. एके रात्री आम्ही पाणी प्यावयास उठलो तो स्वारी पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली. विचारले तेव्हा म्हणाला, “बाबा, हिचं सगळं चुकलं. आता पहिल्यापासून करावं लागणार.” त्याचे डोळे भरून आले होते. आम्ही म्हणालो, “चुकली तर टाकून दे. ज्याचा जमाखर्च नाही त्या गोष्टीसाठी रडतात का?” तो म्हणाला, “जमाखर्च आहे बाबा. मी वहीत लिहिलाय. दाखवू?” आम्ही दिवा मालवला आणि निजावयास गेलो.

एवढीच घटना. त्यात मारझोड नाही, आरडाओरड नाही. परंतु त्यानंतर त्याने आम्हांस आपण होऊन कोणतीही वही दाखवली नाही. पुढे अभियांत्रिकीच्या वर्षांतही नाही. बाप आणि मुलगा यांच्यात भिंत उभी राहते ती पुष्कळदा इतक्याच विटेची असते.

२०१९ मध्ये क्वार्टर रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंकेत ती वही सापडली. चौकटींची वही. आम्ही हिशेबनीस, वही उघडल्यावर बंद करणे आमच्या स्वभावात नाही. रकाने आखलेले होते: लेव्हल, मिळालेले गुण, कोठे घातले, का घातले. बासष्ट लेव्हलपर्यंतच्या नोंदी अखंड होत्या. एकोणसत्तर गुण त्याने बावीस मंत्रांत वाटले होते. थोडा अग्नी, थोडे हिम, थोडी वीज. जणू सत्यनारायणाचा प्रसाद, कोणी रिता जाऊ नये! एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटच्या पानावर ‘पुढच्या वेळी’ असे शीर्षक देऊन तीन ओळी होत्या:

एकच मुख्य मारा.
आधी जीव.
पॉइंट शिल्लक ठेवणे.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या अपयशाचे असे लेखापरीक्षण केलेले पाहून आम्ही ट्रंकेवरच बसलो. कारखान्यात एवढा नेटका अहवाल क्वचितच आमच्या टेबलावर आला असेल.

सप्टेंबर २०२१ मध्ये हाच खेळ ‘डायब्लो २: रिझरेक्टेड’ या नावाने नव्या रूपात निघाला, तेव्हा आम्ही तो घेतला. मनात असे की, छत्तीस वर्षे अंदाजपत्रके केलेल्या माणसास पाच-पाच गुणांचा हिशेब तो काय जड! आम्हीही सॉर्सरेसच निवडली. मंत्र म्हणावयाचे तर मंत्रशक्ती हवी, हा विचार बिनचूक वाटला. पंचविसाव्या लेव्हलपर्यंत हाती आलेले एकशेवीसच्या एकशेवीस शारीर गुण आम्ही मंत्रशक्तीत ओतले. परिणाम असा की, आमच्या नायिकेची मंत्रांची टाकी काठोकाठ आणि आयुष्य अवघे चौसष्ट. एका मोठ्या राक्षसाचे दोन फटके पुरत. मागाहून कळले ते असे: जीवनशक्तीच्या प्रत्येक गुणामागे तिचे आयुष्य दोनाने वाढते, शंभर गुण तेथे घातले असते तर आयुष्य दोनशेंनी वाढून चौसष्टाचे दोनशे चौसष्ट झाले असते. मंत्रशक्ती तर काढ्यांच्या बाटल्यांतून आणि अंगावरील वस्तूंतून सहज भरून निघते. जाणते खेळाडू बळात चिलखत पेलण्यापुरते गुण घालतात, उरलेले बहुतेक सारे जीवनशक्तीत, आणि मंत्रशक्तीत एकही नाही.

वहीतली दुसरी ओळ, ‘आधी जीव’, आम्ही वाचली होती. पण वाचणे निराळे आणि पटणे निराळे. गमतीची गोष्ट अशी की, आम्हांस ही चूक निस्तरता आली. मार्च २०१० मध्ये या खेळात एक सुधारणा झाली आणि अकारा नावाच्या वृद्धेकडे जाऊन सर्व गुण परत मागता येऊ लागले. प्रत्येक फेरीत एकदा, म्हणजे एकूण तीनदा. आम्ही तिच्याकडे गेलो आणि दोन मिनिटांत नवे झालो. चिरंजीवांच्या वहीनंतर ही सोय यावयास नऊ वर्षे लागली होती.

पहिल्या ओळीचे मर्म आम्हांस दुसऱ्या एका खेळाने शिकविले. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीने २०१३ साली ‘पाथ ऑफ एक्झाइल’ प्रसिद्ध केला. त्यातील कौशल्यवृक्ष प्रथम पाहिला तेव्हा आम्हांस वाटले की, चुकून झोतभट्टीच्या वायरिंगचा नकाशाच उघडला गेला आहे. तेराशेहून अधिक बिंदू. सात प्रकारच्या पात्रांना मिळून हा एकच वृक्ष, फक्त प्रत्येकाचे आरंभस्थान वेगळे. आयुष्यभरात गाठता येणारे बिंदू सुमारे सव्वाशे. म्हणजे दहातले नऊ सोडून द्यावयाचे. नवखा मनुष्य ‘काय घेऊ’ असे विचारत फिरतो. विचारावयास हवे ते ‘काय सोडू’. एकच मुख्य मारा पक्का केला, की बाकीचे बिंदू आपोआप दोन ढिगांत पडतात: त्याला उपयोगी आणि त्याला निरुपयोगी. मारा ठरलेला नसेल तर तेराशे बिंदू तेराशे दुकानदारांसारखे हाका मारीत राहतात.

त्यातही शब्दांचा सापळा आहे. तेथे काही बिंदूंवर ‘वीस टक्के इन्क्रीझ्ड’ असे लिहिलेले असते, आणि काही जोडरत्नांवर ‘वीस टक्के मोअर’. दोहोंचा अर्थ एकच असे कोणाही सज्जनास वाटेल. प्रत्यक्षात पहिला प्रकार सरळव्याजाचा आणि दुसरा चक्रवाढीचा. शंभराच्या माऱ्यावर वीस टक्क्यांच्या पाच ‘इन्क्रीझ्ड’ बसविल्या तर त्यांची आधी बेरीज होते आणि मारा दोनशे होतो. त्याच पाच ‘मोअर’ असतील तर प्रत्येक वाढ आधीच्या वाढलेल्या रकमेवर बसते आणि मारा जवळजवळ दोनशे एकोणपन्नास होतो. आणि आधीच पुष्कळ ‘इन्क्रीझ्ड’ जमा असतील तर आणखी एकीचे मोल घटत जाते. जन्मभर व्याजाचे तक्ते पाहणाऱ्या आम्हांस हे उमगावयास तीन महिने लागले, कारण खेळात हिशेब असतो हेच मुळी आम्ही मानावयास तयार नव्हतो.

संरक्षणाचा हिशेब तर याहून कठोर. अग्नी, हिम, वीज यांना प्रतिकार साधारणतः पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत नेता येतो. म्हणजे शंभराचा घाव पंचविसावर येतो. कथेचे दहा अंक आहेत. पाचव्या अंकाच्या शेवटी किटावा नावाच्या दैत्याला हरविल्यावर पात्राच्या प्रतिकारातून तीस टक्के कायमचे वजा होतात. दहाव्या अंकाच्या शेवटी आणखी तीस. ज्याने पंचाहत्तर टक्के जमविले आणि पुढची तरतूद केली नाही, त्याच्याजवळ उरतात पंधरा. तोच शंभराचा घाव आता पंचविसाचा नव्हे, पंच्याऐंशीचा बसतो, तिपटीहून अधिक. राक्षस बदललेला नसतो, आपली शिल्लक आटलेली असते. आम्ही विजयाच्या आनंदात पुढच्या प्रदेशात पाऊल टाकले आणि पहिल्याच ज्वाळेत संपलो. सूचना पडद्यावर आली होती. ती न वाचता आम्ही पुढे गेलो होतो.

यावर कोणी म्हणेल, इतके डोके शिणविण्यापेक्षा जाणत्याची तयार रचना का उचलू नये? तेही करून पाहिले. या खेळाची आगाऊ आखणी करण्यासाठी ‘पाथ ऑफ बिल्डिंग’ नावाचे एक साधन खेळणाऱ्यांनीच तयार करून सर्वांस विनामूल्य खुले केले आहे. त्यात एखाद्या निष्णाताची संपूर्ण रचना जशीच्या तशी पाहता येते. आम्ही एक उत्तम रचना निवडली आणि बिंदूमागून बिंदू बिनचूक गिरविला. तरी चाळिसाव्या लेव्हलच्या आसपास आमचे पात्र जागोजाग मरू लागले. कारण शोधता असे दिसले की, ती रचना नव्वदाव्या लेव्हलची होती. तिचा सारा डोलारा ज्या दोन दुर्मिळ वस्तूंवर उभा होता, त्या आमच्याजवळ नव्हत्या आणि मिळण्याचे लक्षणही नव्हते. आम्ही कळसाचे चित्र पाहून पाया खणला होता. शिवाय दर तीन-चार महिन्यांनी या खेळात नवे सत्र येते आणि नियम थोडेफार बदलतात. मागील सत्राची हमखास रचना या सत्रात लंगडी पडते. ज्याला ‘काय’ ठाऊक आहे पण ‘का’ ठाऊक नाही, त्याची नक्कल पहिल्याच बदलाबरोबर कोसळते. चिरंजीवांच्या वहीतला चौथा रकाना, ‘का घातले’, हा सर्वांत मोलाचा होता, हे तेव्हा कळले.

आता चूक सुधारण्याची सोय असावी की नसावी, या वादाकडे वळतो. खेळ घडविणाऱ्यांतही यावर एकमत नाही. मे २०१२ मध्ये आलेल्या ‘डायब्लो ३’ ने शारीर गुणांची वाटणी खेळणाऱ्याच्या हातून काढूनच घेतली आणि कौशल्ये हवी तेव्हा बदलता येतील असे केले. चूक होण्याची भीती गेली. पण अनेकांची तक्रार अशी की, त्याबरोबर ‘हे पात्र माझे’ ही भावनाही गेली. एकाच जातीच्या दोन पात्रांत अंगावरील वस्तूंखेरीज फरक उरला नाही. उलट, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘डार्क सोल्स’मध्ये, २०११ साली, केलेली निवड मुळीच फिरविता येत नसे. त्याच कंपनीने २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये मधला मार्ग काढला: फेरमांडणी करता येते, पण त्यासाठी लागणारी वस्तू खेळात मोजक्याच संख्येने सापडते. ‘पाथ ऑफ एक्झाइल’च्या दुसऱ्या भागात, जो डिसेंबर २०२४ पासून अपुऱ्या अवस्थेत खेळावयास खुला झाला, सोने मोजून बिंदू परत घेता येतात.

हिशेब खात्यातला मनुष्य म्हणून आमचे मत मधल्या मार्गाकडे झुकते. कारखान्यात वर्षाच्या आरंभी अंदाजपत्रक होते आणि पुढे सुधारित अंदाजपत्रक होते. सुधारणेची सोय नसेल तर खाती भीतीने काहीच मागत नाहीत. ती फुकट असेल तर पहिले अंदाजपत्रक कोणी मन लावून करीत नाही. दुरुस्तीला मोल असावे, पण दुरुस्ती अशक्य नसावी. मुलांच्या बाबतीतही हेच खरे असावे, असे आता वाटते. तेव्हा वाटले नव्हते.

वहीतील तिसऱ्या ओळीबद्दल मात्र आमचा मतभेद आहे, आणि तो येथे नोंदविणे प्राप्त आहे. ‘पॉइंट शिल्लक ठेवणे’ हे २००१ साली शहाणपणाचे होते. अनेक जाणते तसे करीत. वरचे मंत्र चोविसाव्या आणि तिसाव्या लेव्हललाच उघडतात, तोवर खालच्या मंत्रांत घातलेला गुण पुढे वाया जाई. म्हणून गुण न खर्चिता कसेबसे वर चढावयाचे. परंतु ऑक्टोबर २००३ च्या सुधारणेने हा हिशेब पालटला. तेव्हापासून खालच्या मंत्रात घातलेला गुण वरच्या मंत्राचेही बळ वाढवितो. लहानशा अग्निबाणाचा अभ्यास पुढे अग्निगोलाच्या कामी येतो. आरंभीचे श्रम वाया जात नाहीत. आणि तसेही, सगळे कळल्यावरच खर्च करू असे म्हणत गुण गाठीस बांधून बसणारे पात्र वाटेतच दुबळेपणाने मरते. थोडी गंगाजळी ठेवावी. पण भीतीपोटी सारेच कुलपात ठेवणे ही काटकसर नव्हे.

हा मतभेद आम्ही दोन वर्षांपूर्वी बंगळूरला चिरंजीवांना दूरध्वनीवरून कळविला. आम्ही त्याची वही वाचली आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “शेवटचं पान वाचलंत का, बाबा?” आम्ही म्हणालो, “वाचलं. पहिली दोन कलमं मंजूर. तिसरं काही पटलं नाही.” तो म्हणाला, “का? सांगा.” आणि मग जो वाद सुरू झाला तो तासभर चालला. सौभाग्यवती दोनदा येऊन ताट वाढल्याचे सांगून गेल्या. वीस-बावीस वर्षांत आमचे एवढे बोलणे झाले नव्हते. अखेरीस आम्ही म्हणालो, “त्या रात्री वही पाहावयास हवी होती.” तो म्हणाला, “आता पाहिलीत ना. तुमची वही पाठवा, कुठं अडलंय बघतो.” आम्ही पाठविली. त्याने लाल पेनाने चुका दाखवून परत केली. पाचव्या अंकाअखेरची तीस टक्क्यांची तरतूद आम्ही पुन्हा विसरलो होतो.

सभागृहात बसलेल्या पालकांस, आणि आता पालकांहून अधिक असलेल्या आजी-आजोबांस, एवढेच विनवावयाचे आहे. पडद्यासमोर तासन्‌तास बसणे चांगले, असे आमचे म्हणणे नाही. डोळे, झोप आणि अभ्यास यांचा हिशेब त्या मुलांनाही चुकत नाही, आणि वेळेची मर्यादा घातलीच पाहिजे. पण ‘बंद कधी करतोस’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्यास तेवढेच उत्तर मिळते. ‘काय रचतो आहेस, कोठे अडले आहे’ असे एकदा विचारून पाहावे. उत्तरातले निम्मे शब्द कळणार नाहीत. आम्हांस अजूनही सर्व कळत नाहीत. परंतु ज्या मुलाने मर्यादित गुणांत अमर्याद इच्छा बसविण्याचा प्रयत्न केला आहे, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते. आणि ज्याची रचना फसली आहे त्याच्याजवळ तर अधिकच.

आपल्या मंडळाचेच पाहा. पन्नास वर्षांपूर्वी परगावी आलेल्या मूठभर कुटुंबांनी वर्गणीचे तुटपुंजे पैसे हाती घेऊन ग्रंथालय करावे, की सभागृह बांधावे, की नाटक बसवावे, असा घोळ घातला असेलच. सगळे थोडे थोडे करण्याचा मोह त्यांनाही झाला असेल. पुढे काय लागणार हे त्यांना ठाऊक नव्हते; तरी त्यांनी निवड केली, काही चुका केल्या, आणि इतिवृत्ताच्या वह्यांत त्या लिहून ठेवल्या. नव्या कार्यकारिणीने त्या वह्या उघडून पाहाव्यात.

आमची चौथी सॉर्सरेस सध्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे नरकात, आहे. तिची रचना निर्दोष नाही. पण तिच्यात प्रत्येक गुण का घातला ते चौथ्या रकान्यात लिहिलेले आहे. दर रविवारी ती वही बंगळूरला जाते आणि लाल खुणांसह परत येते.